ओलाफची सोमवारची सुट्टी

१४ सप्टेंबर २०१०

विस्तिन,

तुझ्या साइटवरून माझं नाव काढ. आज. हे पत्र वाचून संपायच्या आधी काढलंस तरी चालेल, उरलेलं नंतर वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या कचेरीतली मुलगी दर वेळी ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणते. ती शाळेत माझ्या वर्गात होती, मी तिला गणित शिकवायचे, तेव्हाही खोटं बोलताना तिचा आवाज असाच बारीक व्हायचा. म्हणून पत्र. माल्टा ते केवढं, तुझं स्लीमा इथून बसनं अर्ध्या तासावर आणि मी सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवते आहे. यात हसण्यासारखं काही वाटलं तर हस.

काल माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, रमोनानं, मला तिच्या संगणकावर तुझी ‘ऑलिव्ह टेबल’ साइट दाखवली. पोकरच्या हिरव्या टेबलाशेजारी माझा फोटो. निवृत्तीच्या समारंभातला, तो निळा कोट घातलेला. खाली लिहिलंय : ‘पत्ते प्रामाणिकपणे वाटले जातात. — व्हित्तोरीना शिबेरास, गणिताच्या ज्येष्ठ अध्यापिका.’

वाक्य माझं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते अर्धं उत्तर आहे, आणि अर्ध्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिलेले नाहीत. तुलाही दिले नव्हते, आठव.

मे महिन्यात आपल्या संताच्या उत्सवात वाजवणाऱ्या बँड क्लबचा अध्यक्ष काल्चिदोन चार पोरांना घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. गुडघे टेकून शपथ घ्यावी तसा चेहरा.

‘मिस, तुमचा भाऊ आम्हाला लुबाडतोय.’

‘आधी टोपी काढ. मग आरोप कर.’

टोपी काढली. ‘माझ्या हातात दोन एक्के होते, मिस. दोन! आणि समोरच्यानं सत्ती-दुर्रीवर डाव नेला. असं कधी होतं का?’

‘होतं. आठ-नऊ वेळांत एकदा होतं.’

‘पण ते माझ्याच नशिबी?’

‘बाकीच्या वेळी जिंकलास ते क्लबात बिअर पिऊन विसरलास. हरलेलं तेवढं घरी घेऊन आलास.’

पोरं हसली, तो हसला नाही. त्याला जुगाराच्या परवाना कचेरीत तक्रार करायची होती की यंत्र पत्ते लबाडीनं पिसतं, आणि त्यासाठी गणित येणाऱ्या माणसाची सही हवी होती. मी म्हटलं, सही मागू नका, खेळलेले डाव आणून द्या. खेळणाऱ्याच्या संगणकात ते सगळे साठलेले असतात एवढं मलाही ठाऊक होतं. त्यांनी आणले. लाखांवर डाव. अख्खा उन्हाळा मी त्यात घालवला. एक्के किती वेळा पडले, जोड्या किती आल्या, शेवटचं पान कधी कुणाच्या बाजूनं झुकतं का, सगळं पाहिलं. कुठेही खोट नाही. आपल्या आईनं पिसलेल्या पत्त्यांपेक्षा चोख. आईच्या पत्त्यांत तुला राजा मिळायचाच.

ते मी क्लबात उभं राहून सांगितलं. ‘पत्ते खरे आहेत. तुम्ही वाईट खेळता.’ त्याचं बक्षीस जुलैच्या उत्सवात मिळालं. तीस वर्षं तोंबल्याचे आकडे मी पुकारत आले. यंदा काल्चिदोनच्या बायकोनं पुकारले. सदुसष्टला शहात्तर म्हणाली आणि दोन म्हाताऱ्यांची जुंपली. तू आला असतास तर पाहिलं असतंस. उत्सवाला आला नाहीस, दुसऱ्या दिवशी शलाताच्या सहलीला सगळं गाव ट्रकात बसून समुद्रावर गेलं तिथंही नाहीस. तुझ्याच कचेरीत काम करणारा तुझा जावई एतियेन मात्र होता. ट्रकच्या टपावर बसून ढोल बडवत होता.

तर लेखी निष्कर्ष मी तक्रारदारांना दिला, आणि आरोप ज्याच्यावर त्यालाही प्रत मिळावी म्हणून तुला पाठवला. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं तू छापलंस. दुसरं असं होतं : ‘वाटल्यानंतर ते पत्ते कोण कोण पाहू शकतं, हे मी तपासलेलं नाही.’

ते दुसरं वाक्य कुठे गेलं, विस्तिन?

दोन वर्षांपूर्वी तुझ्या कचेरीच्या उद्घाटनाला पाद्री दुन अल्वीज पवित्र पाणी शिंपडत होते तेव्हा मी म्हणाले होते, आमच्या तोंबल्याच्या पिंपाला निदान जाळी असते, आकडे फिरताना दिसतात. इथं तुम्ही बंद पेटीला आशीर्वाद देताय. पाहुणे हसले. तू हसला नाहीस, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलतही नाहीस. मीही तेव्हा चेष्टा करत नव्हते.

नाव काढ.

व्हित्तोरीना


२९ सप्टेंबर २०१०

विस्तिन,

तुझं उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर ‘प्रिय भगिनी’ वाचून आपल्याकडे कोण वारलं असं वाटलं.

तू लिहितोस की छापलेलं वाक्य शब्दशः खरं आहे, सबब काढायचं कारण नाही. दुसरं वाक्य ‘अप्रस्तुत’ आहे, कारण दुसऱ्याचे झाकलेले पत्ते पाहणं तुमच्या यंत्रात अशक्यच आहे. आणि शेवटी टोमणा : ‘गावातल्या लोकांना सोमवारी समुद्रावर बसून ससा खायला सवड असते. मी यंदा आणि गेल्या, दोन्ही वर्षी त्या सोमवारी कचेरीत होतो.’ छान. कामसू माणूस. हे वाक्य मी जपून ठेवते.

आता ‘अशक्य’बद्दल.

रमोना तुला आठवत असेल. बेकरीवाल्या नाझ्झूची धाकटी, आता इस्पितळात परिचारिका. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींत एवढं थंड डोकं दुसऱ्या कुणाचं नाही. पोकर ती काल्चिदोनच्या टोळक्यासारखं खेळत नाही; पगाराच्या जोडीला तिनं त्यावर घराचा वरचा मजला बांधला. परवा बेकरीतले पास्तीत्सी घेऊन आली. डबा ठेवला, पण नेहमीसारखं त्यातलं एक उचललं नाही. तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे.

‘मिस, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पत्ते खरेच आहेत.’

‘हे सांगायला रिकोटा घातलेले डझनभर घेऊन आलीस?’

‘नाही. मोठ्या टेबलावर एक माणूस आहे. ओलाफ म्हणून. ओस्लोचा, असं तिथं लिहिलंय. मिस, तो वाईट खेळतो.’

‘मग तुला आनंद व्हायला हवा.’

‘वाईट खेळतो आणि हरत नाही. माझा हात भक्कम असला की डाव सोडून देतो. मी थाप मारत असले की हातात काही नसताना ठाण मांडून बसतो. एकदा मी पूर्ण थाप मारली, शेवटपर्यंत. तो नव्वीवर थांबला. नुसत्या नव्वीवर! आणि माझ्याकडे अठ्ठी होती.’

‘धाडसी असेल.’

‘धाडसी माणूस कधीतरी तोंडावर पडतो, मिस. हा पडत नाही.’

एका माणसाच्या हरण्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग ते तिचं का असेना. मी म्हटलं, ओलाफबरोबर नेमानं बसणारे आणखी कोण? बर्गेनचा एक दाताचा डॉक्टर, लिऑनची एक विधवा. रमोना त्यांना टेबलावरच्या गप्पांमधून ओळखते. तिनं त्यांना लिहिलं. प्रत्येकाला आपापल्या हातातली पानं ठाऊक असतात, दुसऱ्याची नाही. पण तिघांनी आपापली दिली तर ओलाफच्या समोर काय काय झाकलेलं होतं ते माझ्यापुढे उघडं होतं.

मी ते उघडं पाहिलं, विस्तिन. आणि ओलाफसुद्धा उघडंच पाहत होता.

तो कधीच चुकत नाही. गणित येणारा माणूस असं खेळत नाही. गणित येणारा माणूस वारंवार चुकतो, कारण शक्यता म्हणजे खात्री नव्हे हे त्याला कळतं. चुकत नाही तो फक्त मागून डोकावणारा.

पत्ते प्रामाणिक वाटले जातात आणि मग एका माणसाला सगळ्यांचे दाखवले जातात. माझी दोन्ही वाक्यं मिळून पूर्ण उत्तर होतं ते हे.

मला वाटतं, तुला हे ठाऊक नाही. म्हणून आधी तुला लिहिते आहे. तुझ्या यंत्रात हा ओलाफ कोणत्या खुर्चीवरून येतो ते शोध. तुला ते एका दुपारचं काम आहे.

व्हित्तोरीना


१९ ऑक्टोबर २०१०

विस्तिन,

या वेळचं तुझं उत्तर दोन ओळींचं. ‘ओलाफ हा आमचा सन्मान्य परदेशी ग्राहक आहे. हरणारे नेहमीच जिंकणाऱ्यावर संशय घेतात.’

हे मीच काल्चिदोनला सांगितलं होतं. माझंच औषध मला पाजतोस, पण रोग वेगळा आहे.

तू शोधलं नाहीस. मग मी शोधलं. मला तुझ्या यंत्रात शिरता येत नाही. त्या तिघांच्या डावांवरून मला फक्त ओलाफ कधी खेळतो आणि कधी खेळत नाही एवढं दिसतं. ते पुरलं.

माणूस कुठला आहे हे तो कशाची सुट्टी घेतो त्यावरून कळतं. ओलाफ मेहनती. रविवारी खेळतो, नाताळातही दुपारनंतर खेळला. सतरा मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. बर्गेनचा डॉक्टर त्या दिवशी मुलांना घेऊन मिरवणुकीत होता, आपला ओस्लोकर मात्र सकाळपासून टेबलावर. तिथंच मला खटकलं. मग त्याच्या रिकाम्या जागा पाहिल्या. फेब्रुवारीत संत पॉलच्या गलबत-फुटीच्या दिवशी नाही. नॉर्वेत कुणाचं गलबत फुटलं म्हणून सुट्टी? म्हणजे माल्टाचा. बरं, माल्टात माणसं पुष्कळ.

आणि मग जुलै. आपल्या संताच्या उत्सवाचा रविवार : नाही. दुसऱ्या दिवशीचा सोमवार : नाही. मागच्या वर्षी तोच सोमवार : नाही.

विस्तिन, त्या सोमवारी या बेटावर कोण काम बंद ठेवतं? स्लीमा नाही. व्हॅलेटा नाही. आपल्याच गावातले पलीकडच्या संताचे लोकसुद्धा नाहीत. ते मुद्दाम दुकानं उघडून बसतात, आपल्याला दिसावं म्हणून. त्यांच्या सोमवारी ओलाफ जोमानं खेळत होता, जेवायलाही उठला नाही. म्हणजे ओस्लोचा हा सन्मान्य ग्राहक आपल्या संताच्या बाजूचा आहे आणि शलाता चुकवत नाही. नाव बदलता येतं, देश बदलता येतो, माणूस सगळ्यांचे पत्ते बघायची हिंमतही करतो. पण ट्रक समुद्राकडे निघाला की घरी बसायची हिंमत त्याला होत नाही.

तुझ्या कचेरीत आपल्या बाजूचे दोघंच आहेत; फोन उचलणारी मुलगीसुद्धा पलीकडच्या संताची. एक तू. तू दोन्ही वर्षं त्या सोमवारी कामावर होतास. मला टोमणा मारायला तूच लिहिलंस. त्या टोमण्यानं तुला वाचवलं.

दुसरा ट्रकच्या टपावर ढोल बडवत होता.

मी त्याचं नाव या पत्रात लिहीत नाही. त्याची बायको मार्थीज तुझी मुलगी आहे तशी माझी भाची आहे. तिचं पहिलं पाऊल माझ्या अंगणात पडलं. पण परवाना कचेरीनं काल्चिदोननं माझ्या सहीशिवायच केलेल्या तक्रारीवर बावीस नोव्हेंबरला, सोमवारी, सुनावणी ठेवली आहे, आणि मला साक्षीला बोलावलंय. ‘पत्ते खरे’ हे सांगायला. मी जाणार आणि पूर्ण उत्तर देणार.

त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर ते कंपनीनं चोर पकडला असं होईल. मी सांगितलं तर कंपनीनं चोर लपवला असं होईल. हा फरक समजायला गणित लागत नाही.

तू पाहिलं नव्हतंस हे मी मानते. आता दाखवल्यावर डोळे मिटलेस तर मानणार नाही.

व्हित्तोरीना


८ नोव्हेंबर २०१०

विस्तिन,

काल तू मार्थीजला पाठवलंस. स्वतः आला नाहीस, कडेवर मूल असलेल्या मुलीला पाठवलंस. तुला माझी कमजोरी ठाऊक आहे आणि ती तू वापरलीस. हेही पत्ते बघणंच.

कडेवरच्या एलेनियानं आल्या आल्या माझा चष्मा ओढला. मार्थीज ओट्याला टेकून उभी राहिली, बसायला तयार नाही.

‘आत्या, वीस तारखेला एलेनियाची उच्चिया आहे. वर्षाची होतेय. आजीचं तांब्याचं तबक तुझ्याकडे आहे, आणि आपल्याकडे ते घरातली सर्वांत मोठी बाई धरते. तू यायचंस.’

‘येणारच. विचारायला हवं होतं का?’

मग ती टाइल्सकडे बघत म्हणाली, ‘पप्पा म्हणतात, बावीसला सुनावणीला जाणार नसेल तरच ये म्हणावं.’

‘तुला एतियेननं काय सांगितलंय?’

‘की तू दोन वर्षांपूर्वीचा राग काढतेयस. तो म्हणाला, यंत्राची चाचणी घ्यायला काही खाती असतात.’

‘चाचणीला शलाताची सुट्टी असते?’

मूल माझ्या चष्म्याची काडी चघळत होतं. मग तिनं हळूच विचारलं, ‘दोन्ही वर्षं?’

‘दोन्ही वर्षं.’

‘मी ट्रकात त्याच्या शेजारीच बसले होते,’ ती म्हणाली. एवढंच. लेकराला उचललं आणि गेली. तबक नेलं नाही.

विस्तिन, तुला तुझी उच्चिया आठवणं शक्य नाही. मला आठवते, मी बारा वर्षांची होते. याच तबकात पेन होतं, अंडं, जपमाळ, बाबांचा हातोडा, बँडमधल्या काकांच्या तुतारीचं तोंड, आणि एक पाव. तुला फरशीवर सोडलं; मूल जे उचलेल ते त्याचं भविष्य. तू सरळ हातोड्याकडे निघालास. तेवढ्यात आई पेनाच्या मागं जाऊन बसली आणि दोन्ही हात पसरले. तू वळलास, तिच्याकडे रांगत गेलास, आणि वाटेत पेन होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं जन्मभर घरात सांगितलं गेलं, पोरानं स्वतःहून पेन उचललं.

तबकात खोट नव्हती. सगळ्या वस्तू होत्या, सारख्या अंतरावर होत्या. कुणी तबक तपासलं असतं तर मीही सही दिली असती : तबक प्रामाणिक आहे. समोर कोण बसलंय ते कुणी तपासलं नाही.

तुझं टेबल तसंच आहे. आणि माझ्या फोटोखाली तू लिहिलंयस, तबक प्रामाणिक आहे.

तर उत्तर असं. वीसला, शनिवारी चार वाजता, मी तबक घेऊन तुझ्या दारात उभी असेन. बावीसला सकाळी दहा वाजता मी सुनावणीत असेन. यातलं एक देऊन दुसरं विकत घ्यायचं असेल तर ग्राहक दुसरा शोध.

अजून एक. काल्चिदोनच्या कानावर काहीतरी गेलंय. आज सकाळी मासळीवाल्याच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाला, ‘मिस, बघा! आम्ही म्हणत होतो ना, लबाडी आहे! पुढच्या वर्षी तोंबला तुमचाच!’

‘हात सोड. तू म्हणत होतास पत्ते खोटे आहेत. ते खरे आहेत.’

‘पण तो ओलाफ…’

‘ओलाफ तुमच्या टेबलावर कधी बसलाच नाही, काल्चिदोन. तुमच्याकडून जिंकायला कुणाला पत्ते बघावे लागत नाहीत.’

मासळीवाल्याच्या हातातला लाम्पुकी निसटून परत बर्फात पडला. तोंबला पुढच्या वर्षीही माझा नाही असं दिसतं. नसू दे. त्यांना मी त्यांच्या बाजूची हवी आहे, तुला तुझ्या. या वयात मी कुणाच्याही बाजूनं चुकीचा आकडा पुकारायला बसलेली नाही.

व्हित्तोरीना


२१ नोव्हेंबर २०१०

विस्तिन,

आज रविवार, टपाल नाही. पत्र मार्थीजच्या हाती देते आहे. प्रार्थनेनंतर ती इथं आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून रडून झाली. आता एलेनिया आणि ती दोघीही पाव-टोमॅटो खाताहेत.

काल तू दार स्वतः उघडलंस. तुझे केस मागून एवढे पांढरे झालेत हे मला ठाऊक नव्हतं. आतून ओव्हनमधल्या टिम्पानाचा वास येत होता, आणि कुणाच्यातरी हसण्याचा आवाज.

‘परवा जाणार आहेस?’ तू विचारलंस. दोन वर्षांनी मला म्हटलेले पहिले शब्द.

‘जाणार.’

‘तो माझ्या नातीचा बाप आहे, व्हित्तोरीना.’

‘म्हणूनच तू सांगायला हवंस, मी नव्हे.’

‘मग तबक दे.’

मी दिलं. तू दार लावलंस. मी वाद घातला नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. तबक घरात गेलं, माझं काम झालं होतं. बसथांब्यावर बसून मी आणलेले बदामाचे लाडू एकटीनं खाल्ले. चांगले झाले होते.

पुढचं मार्थीजनं सांगितलं. तू तिथं होतास, तरीही मी लिहिते, कारण तुला ते दुसऱ्याच्या अक्षरात वाचायला हवं.

तबक फरशीवर ठेवलं. अंडं, जपमाळ, पुस्तक, कात्री, आणि एतियेननं आणलेला संगणकाचा चकचकीत माउस. तो माउसच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि किल्ल्या वाजवत ‘इकडे ये, इकडे ये’ सुरू केलं. सगळे फोन धरून वाट बघत होते. तेव्हा मार्थीज म्हणाली, ‘ऊठ तिथून.’

‘अगं, गंमत आहे.’

‘गंमतच आहे. म्हणून ऊठ. सगळे मागं व्हा. भिंतीला लागा.’

‘हे तुझ्या आत्यानं शिकवलं का?’

‘हो,’ ती म्हणाली.

मार्थीज सांगते, कुणी हललं नाही. मग सर्वांत आधी तू उठलास, आणि जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलास. हात मागे बांधून. शाळेत शिक्षा झाल्यावर राहायचास तसा. तुझ्यामागून बाकीचे. सर्वांत शेवटी तो.

आणि लेकरू एकटं रांगत गेलं.

तिनं काय उचललं ते मार्थीज सांगणार होती, मी थांबवलं. मला सांगू नका. कुणी खुणावलं नाही, एवढं मला पुरे.

काल रात्री रमोनाचा फोन आला होता. ऑलिव्ह टेबलवरची मोठी टेबलं बंद आहेत. माझा फोटो गेला. माझं पहिलं वाक्य अजून आहे आणि त्याच्याखाली, त्याच अक्षरात, दुसरं वाक्य आहे. म्हणजे पाहुणे गेल्यावर तू कचेरीत गेलास. मी आज सकाळी रमोनाकडे जाऊन ते स्वतः वाचलं. विशेषणं नाहीत, मखलाशी नाही. दहापैकी सहा गुण.

चार कापले, कारण तिसरं वाक्य नाही. ओलाफ कोण, हे.

ते वाक्य माझ्याजवळ तयार आहे. उद्या दहा वाजता ते बोललं जाणार, यात कुणी बदल करू शकत नाही. तू नाही, मार्थीजचे डोळे नाहीत, आणि सांगून ठेवते, मार्थीजनं तसं मागितलंही नाही. फक्त ते कोण बोलणार एवढंच उरलंय. मी पावणेदहाला जाऊन बसेन. माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवेन आणि त्यावर माझी पर्स ठेवेन, म्हणजे काल्चिदोन बसायचा नाही.

त्या खुर्चीवर येऊन बस, किंवा मागं भिंतीला लागून उभा राहा. पण माझ्या समोर बसू नकोस, विस्तिन. आणि मला खुणावू नकोस.

तुझी बहीण,
व्हित्तोरीना